दहा रुपयांत शंभर गाणी

निघण्याआधी खिशातला फोन घरीच काढून ठेवा. जिथं जायचंय तिथं त्याला धरायला टॉवर नाही.

साल 1996, रात्रीचे साडेदहा, जुना जालना. स्टेशनच्या रस्त्यावरची बाकीची दुकानं मिटलीत. उघडा आहे तो एसटीडी-पीसीओचा पिवळ्या पाटीचा बूथ, आणि त्याच्यासमोर सहा-सात माणसं उभी आहेत. इतक्या उशिरा का, तर रात्र चढली की एसटीडीचा दर पाववर येतो. तुम्हीही रांगेत लागा. काचेच्या खोक्यात आता जो शिरलाय तो कुठल्याशा लोखंडाच्या पेढीवरचा मुनीम आहे. डोक्यावरच्या डब्यात लाल आकडे पळतायत, मुनीम बोलतो कमी आणि त्या आकड्यांकडे बघतो जास्त. त्याला फक्त एक भाव हवाय, उद्या सकाळी गाडी भरायची की थांबायचं, एवढं ठरवायला पुरेल असा.

भावावर जगणारं हे गाव आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि पुढं बियाण्यांचा धंदा जालन्याच्या नावाला चिकटला. सळईच्या मिला आहेत, डाळीच्या आहेत, मोसंबी आहे. कुंडलिकेच्या या काठावर जुना जालना, त्या काठावर नवा. दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीसाठी धडपडतात: शेजाऱ्याच्या आधी बातमी कळावी.

बूथवाल्याकडे बघा. पीसीओ देताना अपंगांना आणि माजी सैनिकांना प्राधान्य असायचं. याच्याही खुर्चीला कुबडी टेकवून ठेवली आहे. डोक्यात कोड पाठ: मुंबई 022, औरंगाबाद 0240. एक म्हातारी पदराच्या गाठीतून चिठ्ठी सोडून त्याच्या हातात देते, तो नंबर लावतो, आधी स्वतः "हॅलो" म्हणून खात्री करतो, मग रिसीव्हर तिच्या कानाला देतो. बोलणं संपल्यावर छोटं यंत्र टर्रकन बिल फाडतं. त्यात त्याचं कमिशन आहे. पण म्हातारी इथवर येते ती तो नंबर लावून देतो म्हणून. हे नीट बघून ठेवा, पुढच्या प्रत्येक थांब्यावर हा माणूस वेगळ्या कपड्यांत भेटणार आहे.

मोबाइल देशात आलाय. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला फोन केला. महाराष्ट्र सर्कलचे परवाने बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांना मिळालेत. पण मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडू शकतील अशा यंत्राची या रांगेत कुणाला काळजी नाही.

चला, 2003 मध्ये फार थांबायचं नाही. 1 मेपासून इनकमिंग फुकट झालंय, आणि जुलैत रिलायन्सनं 501 रुपये भरून हँडसेट द्यायला सुरुवात केली आहे. रिक्षावाला, गवंडी, भाजीवाली, ज्यांना कुणीतरी बोलवावं लागतं त्या सगळ्यांना आता नंबर आहे. नंबर म्हणजे दुकान. गवंड्याला सकाळी नाक्यावर उभं राहायची गरज उरत नाही, ही त्या वर्षाची मोठी गोष्ट. मिस्ड कॉल हा तर फुकटचा निरोप्या. बूथसमोरची रांग ओसरते, पिवळी पाटी तशीच राहते, आत झेरॉक्सचं मशीन येतं.

आता 2009. इथं बसा, जरा वेळ लागेल. गांधी चमनच्या जवळपासचं एक मोबाइलचं दुकान, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. काउंटरच्या काचेखाली स्क्रॅच कार्डं, बारीक पिनचे नोकियाचे चार्जर, आणि कानठळ्या बसवणारे चिनी हँडसेट. काउंटरवर रबरबँडनं बांधलेले चार-पाच जुने फोन. प्रत्येकात एका कंपनीचं लापू सिम, रिचार्ज मारायचं. शंभरामागे दोन-तीन रुपये सुटतात. लोडशेडिंगची वेळ जवळ आली की पोरगा आधी बॅटरीकडे बघतो, मग घड्याळाकडे, कारण खरी कमाई मागच्या कॉम्प्युटरवर आहे.

धोतर नेसलेले एक मामा येतात. खिशातून प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेलं नखाएवढं कार्ड काढतात.

"किती जीबीचं हाय, मामा?"

"मला काय म्हाईत? पोरानं दिलंय. भजनं टाक, अन् शिनेमातली जुनी टाक."

पोरगा कार्ड रीडरला लावतो. पडद्यावर फोल्डर उघडतात: भक्तिगीतं, लावणी, कव्वाली, नवीन हिंदी, जुनं हिंदी, कॉमेडी. माउसनं ओढून टाकतो, हिरवी पट्टी सरकत जाते. दहा रुपये. शंभर-सव्वाशे गाणी. मामा तिथंच एक गाणं वाजवून बघतात, आवाज पुरा वाढवून, आणि मग पैसे देतात.

आता याचा हिशोब मांडा, म्हणजे हा धंदा का उभा राहिला ते कळेल. फोनमध्ये इंटरनेट आहेच. कोपऱ्यात छोटा 'जी' किंवा 'ई' दिसतो. पण पॅक नसेल तर दर आहे 10 केबीला 10 पैसे. म्हणजे एक एमबी झाली की दहा रुपये. एक गाणं पाच एमबीचं धरलं तर पन्नास रुपये, आणि जीपीआरएसच्या चालीनं ते उतरायला पंधरा-वीस मिनिटं, मधे लाइन तुटली नाही तर. दुकानात एका गाण्याला दहा पैशांहून जास्त पडत नाहीत. कंपनीच्या हवेतल्या रस्त्यापेक्षा पोराच्या हातातलं कार्ड स्वस्त आणि वेगवानही होतं, म्हणून त्या काळात गावोगावच्या असल्या दुकानांवर कित्येक घरं चालली. गाणाऱ्याला यातला छदाम मिळत नव्हता, हेही तितकंच खरं, आणि ते चुकीचंच होतं. पण मामांना विकत घेता येईल अशा भावात ते गाणं त्या वेळी कुणीच विकत नव्हतं.

पोरगा आणखी बरंच करतो. कॉलेजच्या मुलांना जीपीआरएसची सेटिंग मागवून देतो, ऑपेरा मिनी टाकून देतो. ते पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून बारीक करतं आणि मग फोनवर पाठवतं, त्यामुळं पैसे वाचतात. नोव्हेंबर संपता संपता गर्दी अचानक वाढते. आयएमईआय नंबर नसलेले फोन बंद करायचा आदेश निघालाय, आणि 199 रुपयांत नंबर टाकून देणारी अधिकृत केंद्रं कुठं आहेत ते लोक इथं विचारायला येतात. दिल्लीत एक कागद निघाला की जुन्या जालन्यात कुणाचा तरी धंदा बंद होतो आणि कुणाचा तरी सुरू होतो.

2010 मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला, सरकारला 67 हजार कोटींहून जास्त मिळाले. एवढं ओझं घेतलेल्या कंपन्यांनी डेटा स्वस्त देणं कठीणच होतं. पुढची काही वर्षं कार्ड भरायचा धंदा टिकला तो त्यामुळं.

सप्टेंबर 2016. तेच दुकान, पाटी नवी. 5 तारखेला जिओ सुरू झालंय, डेटा डिसेंबरअखेरपर्यंत फुकट, पुढं मार्चपर्यंत वाढेल. बाहेर आधार कार्ड घेऊन रांग आहे, आत अंगठा घ्यायचं यंत्र. त्या रांगेत मामांचा नातूही आहे. सिम चालू झालं की तो तिथंच उभ्या उभ्या यूट्यूब उघडतो आणि आजोबांचं भजन लावतो, चित्रासकट. काउंटरवरचा पोरगा, आता त्याला मिशा फुटल्यात, ते बघतो. फोल्डरांनी भरलेल्या कॉम्प्युटरचं काम त्या मिनिटाला संपलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या हिशोबानं 2014 मध्ये एका जीबीला सरासरी अडीचशेच्या वर रुपये पडत होते, 2018 मध्ये बारासुद्धा नाहीत.

दोन महिन्यांनी, 8 नोव्हेंबरला, हजार-पाचशेच्या नोटा जातात. यूपीआय एप्रिलमध्येच सुरू झालंय, पण लोकांनी ते हातात घ्यायला नोटांचा दुष्काळ पडावा लागला. हळूहळू चहाच्या गाड्यावर क्यूआर चिकटतो, मग पैसे आल्याचं मराठीत ओरडून सांगणारा डबा येतो. आणि रिचार्ज? तो माणसं स्वतःच मारू लागतात. लापूचे फोन रबरबँडसकट खणात जातात.

माझ्या मते गोष्ट इथं संपत नाही, इथं वळते. जालन्याच्या बाजार समितीत 2018 मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इकडचा शेतकरी पोती भरून थेट कर्नाटकात रामनगरला जायचा, आणि भाव पडलेला असला तर तिथं पोचल्यावरच कळायचं. आता तो घरून निघण्यापूर्वी व्हॉट्सअॅपवर रामनगरचा आणि जालन्याचा भाव शेजारी-शेजारी ठेवून बघतो. 1996 च्या त्या मुनिमाला ज्या एका भावासाठी रात्री साडेदहापर्यंत जागावं लागलं, तसा भाव आता कोषवाल्याच्या तळहातावर आहे. मोबाइल इंटरनेटनं जालन्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. दुकानं आली-गेली, भाव लपवून ठेवणं मात्र कायमचं अवघड झालं.

शेवटचा थांबा, 31 जुलै 2023 ची संध्याकाळ. पीक विमा यंदा एक रुपयात आहे आणि आज शेवटचा दिवस. पुढं तीन दिवस वाढवून मिळतील, पण ते रांगेतल्या कुणाला ठाऊक नाही. मोबाइलचं दुकान आता सेवा केंद्र झालंय. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. देशात फाइव्ह जी येऊन दहा महिने होत आलेत, तरी सर्व्हर दमलाय, पडद्यावरचं चाक फिरतंय. शेतकऱ्याकडून एक रुपया, आणि अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनीनं केंद्रचालकाला द्यायचे असं ठरलंय. त्यातून वीज, कागद, शाई, भाडं आणि मध्यरात्रीपर्यंतचं जागरण भागवायचं. काही ठिकाणी यावर जास्तीचे पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांवर कारवाई झालीच पाहिजे. पण सरकारनं एकामागून एक योजना ऑनलाइन केल्या आणि अंगठा, ओटीपी, अपलोड हे सगळं ज्याच्या गळ्यात घातलं त्या माणसाला नीट मोबदला देण्याचा विचार मात्र कुणी पुरेसा केला नाही. तालुक्याच्या गावात स्वतःचा धंदा उभारू पाहणाऱ्या मुलामुलींना मी आजही सांगेन, संधी इथंच आहे: यंत्र आणि माणूस यांच्या मधे. फक्त तिची किंमत ठरवताना त्यांना कुणी विचारायला हवं.

आठवड्याभरानं केंद्रचालकाचा फोन वाजतो. मामांचा नातू, शेतातून. 2021 पासून ई-पीक पाहणीच्या अॅपवर पिकाची नोंद करताना कापसाचा फोटो शेतकऱ्यानं स्वतः, आपल्या गटात उभं राहून काढायचा असतो. दुकानातून ते होत नाही.

"भाऊ, अॅप म्हणतंय तुम्ही गटाच्या बाहेर हाय. मी तर माझ्याच वावरात उभाय!"

"बांधावर असशील. आत जा पाच-पन्नास पावलं. लोकेशन चालू हाय का? बंद करून परत चालू कर. थांब, गडबड करू नको."

"... झालं बघ. घेतला फोटो. तुझे किती झाले?"

"त्याचे काय घ्यायचे? शेजारच्या गटवाल्याचाही काढून दे. तो कालपास्नं फोन करायलाय."