नॉनस्टिक तवा : बिघडतो कशाने, जपावा कसा?

सिरुसेरी (चेन्नई) : नॉनस्टिक भांडी चुकीच्या घासणीने खराब होतात, हा समज खरा असला तरी अपुरा आहे. या भांड्यांचे सर्वाधिक नुकसान रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवल्याने आणि तेलाचा पातळ थर दिवसेंदिवस साचू दिल्याने होते. या दोन गोष्टी टाळल्या तर साधा तवाही दीर्घकाळ चांगला राहतो. मात्र लेप एकदा निघाला की कोणत्याही उपायाने तो घरी परत आणता येत नाही.

चेन्नईच्या दक्षिणेस, राजीव गांधी सलाई म्हणजेच जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सिरुसेरी येथे तमिळनाडूच्या ‘सिपकॉट’ या औद्योगिक महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. येथील कंपन्यांमध्ये नोकरीसाठी महाराष्ट्रासह देशभरातून तरुण येतात आणि नावलूर, पडूर, केळंबाक्कम या परिसरात अनेक जण भाड्याच्या सदनिकांमध्ये एकत्र राहतात. अशा स्वयंपाकघरात एकाच तव्यावर सकाळी डोसा, रात्री पोळी आणि सुटीच्या दिवशी थालीपीठ होते. तवा सर्वांचा असल्याने त्याची जबाबदारी कोणा एकाची नसते. परिणामी तो लवकर चिकटू लागतो आणि नवा घ्यावा लागतो.

लेप म्हणजे काय?

नॉनस्टिक भांड्यांवर बहुधा पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन या पदार्थाचा लेप असतो. ‘टेफ्लॉन’ हे त्याचे सर्वपरिचित व्यापारी नाव. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी शीतकरण वायूंवर प्रयोग करताना तो योगायोगाने सापडला. फ्रान्समधील अभियंता मार्क ग्रेगवार यांनी तो ॲल्युमिनियमवर बसवण्याची पद्धत विकसित केली आणि १९५६ मध्ये ‘टेफाल’ कंपनी स्थापन केली.

भारतात या भांड्यांचा प्रसार करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील भोगले कुटुंबाच्या उद्योगाने ‘निर्लेप’ या नावाने नॉनस्टिक भांडी बाजारात आणली. हे नाव इतके रुळले की मराठी घरांत कोणत्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला ‘निर्लेप तवा’ म्हटले जाऊ लागले. हा उद्योग २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतला.

ज्या लेपाला काहीच चिकटत नाही, तो स्वतः धातूला कसा चिकटतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्यासाठी धातूचा पृष्ठभाग आधी खरखरीत केला जातो. त्यावर पायाचा थर देऊन वरचे थर फवारले जातात आणि सुमारे ४०० अंश सेल्सियस तापमानाला ते भाजून पक्के केले जातात. तयार लेपाची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असते. त्यामुळे तारेची घासणी, राख, वाळू किंवा धातूचा कालथा त्यावर सहज ओरखडे पाडतो. एकदा ओरखडा पडला की त्यातून पाणी व मीठ लेपाखाली शिरते आणि लेप कडेने सुटू लागतो.

उष्णतेची मर्यादा

हा लेप साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे खराब होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या वर त्याचे विघटन वेगाने होते. रस्साभाजी शिजताना तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे १०० अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे नेहमीच्या स्वयंपाकात अडचण येत नाही. मात्र रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिल्यास तो काही मिनिटांतच २६० अंशांची मर्यादा गाठू शकतो. इंडक्शन शेगडीवर पूर्ण क्षमतेने तापवल्यास हा वेळ आणखी कमी होतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत अधिक सावध भूमिका घेतली आहे. १७० अंशांपुढे तापवलेली नॉनस्टिक भांडी जोखमीची ठरू शकतात, असे त्यात नमूद आहे. लेप झिजला किंवा खराब झाला असेल तर भांडे वापरातून काढून टाकावे, अशीही सूचना आहे.

घरी तापमान मोजता येत नसले तरी अंदाज बांधता येतो. तवा मध्यम आचेवर ठेवून त्यावर लगेच थोडे तेल सोडावे. तेल धुरावू लागले तर तवा गरजेपेक्षा फार तापला आहे असे समजून शेगडी बंद करावी.

आरोग्याची शंका

लेपाचा बारीक कण पोटात गेल्यास काय, ही भीती सर्वसामान्य आहे. हा पदार्थ रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असल्याने तो पचत नाही आणि शरीराबाहेर टाकला जातो. खरा धोका अतितापलेल्या लेपाच्या धुराचा आहे. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि खोकला अशी फ्लूसारखी लक्षणे दिसू शकतात. पाळीव पक्ष्यांसाठी मात्र हाच धूर प्राणघातक ठरतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

पीएफओए हे रसायन वेगळे. लेपद्रव्याच्या निर्मितीत ते पूर्वी वापरले जात असे. स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी २०१९ मध्ये त्याचा समावेश उच्चाटनाच्या यादीत केला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. नवे भांडे घेताना वेष्टनावर ते पीएफओएमुक्त असल्याचा उल्लेख पाहावा. मात्र ‘पीएफओएमुक्त’ याचा अर्थ कितीही तापवले तरी चालेल, असा होत नाही.

रोजची स्वच्छता

स्वयंपाक झाल्यावर तवा आपोआप निवू द्यावा. तापलेला तवा नळाखाली धरल्यास धातू एकदम आकसतो, तळ वाकतो आणि लेपावरही ताण येतो. तवा निवल्यावर कोमट पाणी, सौम्य द्रवसाबण आणि मऊ स्पंज एवढे पुरते. तवा पुसून कोरडा करून मगच ठेवावा. भांडी एकात एक रचायची असतील तर मध्ये जुने सुती कापड घालावे. ‘डिशवॉशर’मधील तीव्र साबणाने लेप व ॲल्युमिनियम दोन्ही निस्तेज होतात. त्यामुळे हाताने धुणेच बरे.

घरकामाला येणाऱ्या मदतनिसांकडे काथ्या किंवा तारेची घासणी असते आणि इतर भांड्यांसाठी ती योग्यच असते. सिरुसेरीसारख्या ठिकाणी भाषेचाही अडसर असतो. अशा वेळी तव्याचा मऊ स्पंज तव्यातच ठेवण्याची सवय उपयोगी पडते. सूचना न देताही काम योग्य होते.

साबणाने धुऊनही तवा चिकट लागत असेल तर लेप गेला आहे असे लगेच मानू नये. नीट न निघालेले तेल पुन्हा पुन्हा तापून तपकिरी, चिवट थर तयार होतो आणि पीठ त्या थराला चिकटते. तव्यात पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावे आणि निवल्यावर स्पंजने पुसावे. आवश्यकता भासल्यास ही कृती पुन्हा करावी. धुऊन कोरड्या केलेल्या तव्यावर तेलाचे दोन थेंब चोळून ठेवावेत.

पांढरट डाग हा वेगळा प्रकार आहे. जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या पट्ट्यात अनेक वसाहती कूपनलिका व टँकरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. असे पाणी बहुधा क्षारयुक्त, जड असते. महाराष्ट्रात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांनाही हा अनुभव आहे. हे क्षार साबणाने निघत नाहीत. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून काही मिनिटे लावल्यास ते विरघळतात.

कोणता पदार्थ कोणत्या तव्यावर?

आंबोळी, घावन, धिरडे, डोसा आणि झाकण ठेवून मंद आचेवर होणारे थालीपीठ यांसाठी नॉनस्टिक तवा उत्तम. भाकरी, फुलके आणि कोरडे भाजणे यांना मोठी आच लागते आणि तवा बराच वेळ कोरडा तापतो. त्यासाठी लोखंडी तवाच वापरावा. दोन तवे वेगळे ठेवल्यास नॉनस्टिक तव्याचे आयुष्य वाढते. उलटण्यासाठी लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा घ्यावा. थालीपिठाचे तुकडे तव्यावर न करता ताटात करावेत.

बदलण्याची वेळ

खालचा धातू दिसू लागणे, लेपाला फोड येणे किंवा पापुद्रे सुटणे ही तवा बदलण्याची स्पष्ट चिन्हे होत. पॉलिश कागदाने उरलेला लेप खरवडून तोच तवा वापरणे टाळावे, कारण लेप पूर्ण निघत नाही आणि उघडे ॲल्युमिनियम आंबट पदार्थांशी अभिक्रिया करते. केवळ रंग उतरला असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर मात्र तवा टाकण्याचे कारण नाही. आधी सोड्याच्या पाण्याचा उपाय करून पाहावा. अनेकदा चिकटण्याचे कारण तेलाचा साचलेला थर हेच असते आणि नव्या तव्याचा खर्च वाचतो.