माशांवरचे लाल व्रण : जिवाणू की बुरशी?



थंडी पडली की कधी कधी बोडीतल्या मरळ माशाच्या अंगावर लाल ठिपके दिसतात, मग तिथे खोल व्रण पडतात. आपण लगेच जिवाणूंचं औषध शोधतो. याच रोगाने शास्त्रज्ञांनाही वीस वर्षे चकवलं. तो इतिहास आपल्या कामाचा आहे.

1971 मध्ये जपानात आयू नावाच्या पाळलेल्या माशांत हा रोग दिसला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात दिसला. मग आग्नेय आशियातून सरकत 1988 मध्ये तो बांगलादेशात आणि आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत पोचला. मासे तर मेलेच, पण भीतीने लोकांनी चांगले मासे घेणंही सोडलं. मासेमारांच्या पोटावर पाय आला.

व्रण तपासला की त्यात एरोमोनास नावाचे जिवाणू सापडत, म्हणून दोष त्यांच्यावर गेला. काही माशांत विषाणूही निघाले. पण एरोमोनास तर चांगल्या पाण्यातही असतो, जखम उघडी मिळाली की आत शिरतो. 1990 नंतर ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा जीव वेगळा काढून त्याची बीजं निरोगी माशांना टोचली, तेव्हा तसेच व्रण पडले. म्हणजे मूळ घाव याचा, जिवाणू मागून आलेले.

आता आपल्यासाठी ओळख. पर कुजणं, पोट फुगणं, खवले उभे राहणं ही बहुतेक जिवाणूंची लक्षणं. जुन्या जखमेवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर ती वरवरची पाणबुरशी. लाल ठिपक्यापासून मांसात खोल जाणारा व्रण, तोही थंडीत आणि मरळीला आधी, असं असेल तर या रोगाचा संशय घ्या. तिलापियाला तो सहसा होत नाही. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

जिवाणूंच्या औषधाने हा जीव मरत नाही, पैसा मात्र जातो. तळ्यात चुना टाकणं हा जुना उपाय. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंगा येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने याच रोगासाठी सिफॅक्स हे औषध काढलं. मात्रा पाणी पाहून ठरते, म्हणून आधी मत्स्य विभागाला मासा दाखवा.

मामा तलावांवर जगणाऱ्या आपल्या ढिवर बांधवांपर्यंत हे पोचवा. मासा मेल्यावर नाही, पहिला लाल ठिपका दिसला तेव्हाच.