उतारवयाची पुंजी आणि दोघांची संमती

व्यापाऱ्याला निवृत्तिवेतन नसते. सरकारी कचेरीतील कारकुनाला जी शाश्वती असते, ती लक्ष्मी रोडवरील भरल्या दुकानाच्या मालकालाही नसते. त्यामुळे उतारवयाची तरतूद कशात करावी, हा प्रश्न आपल्या घरांत पूर्वापार चालत आला आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना जाणवते, की या प्रश्नाच्या इतिहासात पत्नीच्या संमतीचाही इतिहास दडलेला आहे.

मागील पिढीची पुंजी म्हणजे दुकानातील माल, जागा आणि सोने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. गोदामातील माल भिजतो, अंगावरचा दागिना टिकतो, हा धडा तेव्हा अनेक घरांनी घेतला असेल. पुढे सुवर्णनियंत्रण आले. १९६८ च्या कायद्याने सोन्याच्या लगडी घरात बाळगण्यास मनाई केली. दागिन्यांना मात्र मुभा होती. हा कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत घरचे सोने दागिन्यांच्या रूपात, म्हणजे गृहिणीच्या ताब्यात राहिले. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला स्वतःच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली होतीच. सोने मोडायचे तर तिला विचारणे भाग होते.

त्यानंतर कागदाचा काळ आला. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ योजना निघाली, १९६८ मध्ये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आला. या निधीचे खाते एकाच नावाने उघडता येते. दागिना तिच्या डब्यात होता; कागद मात्र यजमानांच्या कपाटात गेला आणि विचारण्याची रीत मागे पडली. जुलै २००१ मध्ये ‘यूएस-६४’ ची पुनर्खरेदी सहा महिने थांबली, तेव्हा आयुष्याची बचत अडकल्याचे अनेक गृहिणींना प्रथमच समजले असेल.

माझीही कथा वेगळी नाही. नव्वदीच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. त्यांपैकी एकीत मी घरात न सांगता रक्कम गुंतविली. बी.कॉम. झालेल्या माणसाने घरात काय विचारायचे, हा अहंकार! अशा सामूहिक योजनांसाठी ‘सेबी’चे नियम १९९९ मध्ये आले, तोवर माझे पैसे बुडाले होते. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “पैसे गेल्याचे दुःख नाही. तुम्ही मला परके धरलेत, याचे आहे.”

गंमत अशी, की पुढे नियमांनीच पती-पत्नीला एकत्र बसविले. २००४ च्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खाते केवळ जोडीदारासोबत उघडता येते. २०१२ मध्ये नियमांत आलेल्या पर्यायी गुंतवणूक निधीत सर्वसाधारणपणे किमान एक कोटी रुपये लागतात. संयुक्त नावात तेथे जोडीदार, आईवडील वा अपत्य एवढ्यांनाच स्थान आहे. असे निधी नोंदणी नसलेले उद्योग, स्थावर मालमत्ता यांत पैसा घालतात आणि तो वर्षानुवर्षे अडकून राहतो.

असाच एक प्रस्ताव आमच्याकडे आला, तेव्हा सौभाग्यवतीने विचारले, “मध्येच दवाखाना निघाला, तर पैसे परत मिळतील का?” उत्तर नकारार्थी होते. मोठी रक्कम आम्ही ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवली. भाड्याच्या उत्पन्नावर चालणारे स्थावर मालमत्ता न्यास २०१९ पासून शेअरबाजारात आले आहेत. त्यांत अल्पशी घातली.

दिवाळी पाडव्याला आपण नवी वही उघडतो. ओवाळणीही त्याच दिवशी. आता आमच्या घरी त्या दिवशी दुसरी एक वहीही उघडते. कोणता कागद कोठे आहे, वारस कोण नोंदविला आहे, पैसा केव्हा मोकळा होणार, हे दोघे मिळून वाचतो. जे एकाला दुसऱ्यास समजावता येत नाही, त्यात पैसा घालायचा नाही, हा नियम ठरला आहे. दोघांपैकी एक मागे राहणारच आहे. त्याला ती वही वाचता यावी, म्हणून समाजबांधवांनी येत्या पाडव्याला ती जरूर उघडावी, ही नम्र विनंती.