डोंगरी कापड ते जीन्स : मालवण किनाऱ्यावरील वस्त्रनिवडीचा विचार

पोशाखाच्या इतिहासात पैठणी, शेला व महावस्त्रे यांची चर्चा विपुल झाली आहे. श्रमिकाच्या वस्त्राची मात्र क्वचितच. शीड ओढणारा किंवा रापणीचे जाळे खेचणारा पुरुष आपल्या अंगावरचे कापड कोणत्या कसोटीने निवडीत असे, हा प्रश्न अभ्यासकांनी सहसा विचारलेला नाही. आज मालवण, वेंगुर्ले, देवगड येथील बाजारपेठांत तरुण पुरुष जी निळी जीन्स विकत घेतो, तिला सर्वजण परदेशी वस्त्र समजतात. परंतु ‘डंगरी’ हे तिच्या जातीच्या पोशाखाचे एक जगप्रसिद्ध नाव याच पश्चिम किनाऱ्यावरून गेलेले आहे. त्या नावाचा मागोवा घेतल्यास, चांगली जीन्स कशी ओळखावी या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नावरही काही प्रकाश पडतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘डोंगरी कापड’ अशी नोंद आहे. मुंबईतील डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, असा तिचा मूळ अर्थ तेथे दिला असून, पुढे तो हलक्या, स्वस्त सुती कापडाला लागू झाला असे म्हटले आहे. ही उपपत्ती आकर्षक असली तरी कालक्रमाच्या कसोटीवर जशीच्या तशी उतरत नाही. डोंगरीच्या टेकडीवर इंग्रजांनी फोर्ट जॉर्ज बांधला तो १७६९ मध्ये. आणि मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले तेच मुळी १६६८ मध्ये. उलट, जॉन सॅरिस या इंग्रज व्यापाऱ्याच्या १६१३ च्या सुमाराच्या वृत्तांतात, मसाल्याच्या बेटांवर लवंगांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या कापडांच्या यादीत या नावाचे एक रूप आढळते. त्यानंतर जॉन फ्रायर हा प्रवासी १६७३ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचा माल सांगताना डंगरीचा संबंध मुंबईशी नव्हे, तर कारवारशी जोडतो. तेव्हा या नावाचा डोंगरी या स्थळाशी संबंध असलाच, तर तो इंग्रजी अमदानीपूर्वीचा मानला पाहिजे. शिवाय सतराव्या शतकातच हे कापड एका पेठेचे न राहता साऱ्या किनाऱ्याचे झाले होते, असेही दिसते.

मालवणचा किनारा मुंबई आणि कारवार यांच्या दरम्यान येतो. वेंगुर्ल्यास डचांची वखार १६३७ मध्ये स्थापन झाली. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणनजीकच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. व्यापारी गलबते आणि आरमार या दोहोंना जाड सुती कापड हवे असे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाच्या १९०३ च्या आवृत्तीतील माहिती या दृष्टीने महत्त्वाची आहे. डंगरीच्या विणीत दोन किंवा अधिक धागे एकत्र घेतले जात. तिचा तलम प्रकार गरिबांच्या कपड्यांस, तर भरड प्रकार देशी होड्यांची शिडे व तंबू यांस वापरीत, असे तेथे नमूद आहे. जे कापड वाऱ्याचा ताण सोसते, त्याचाच भाऊबंद माणसाच्या अंगावर टिकतो, ही त्या काळाची साधी कसोटी होय.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. नावाचे नाते म्हणजे वस्त्राची वंशावळ नव्हे. ‘जीन’ हा शब्द इटलीतील जिनोआ शहराच्या नावावरून आला. ‘डेनिम’चा संबंध सामान्यतः फ्रान्समधील नीम शहराशी जोडला जातो. डेनिमची वीण तिरपी असते. तिचा ताणा निळीत रंगविलेला व बाणा पांढरा असतो. म्हणून ती बाहेरून निळी व आतून फिकट दिसते. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती धाग्याच्या पृष्ठभागावर बसते, गाभ्यापर्यंत पुरती शिरत नाही. त्यामुळे घासल्या जाणाऱ्या जागी डेनिम विटते. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम निळीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि निळीच्या शेतीचा व्यापार ओसरला. तत्पूर्वी, २० मे १८७३ रोजी, नेवाडातील शिंपी जेकब डेव्हिस व सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांना खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट मिळाले. मजुराचे खिसे वारंवार उसवत, एवढेच त्यामागील कारण होते. सारांश, जीन्सचे प्रत्येक वैशिष्ट्य कामाच्या गरजेतून आले; शोभा नंतरची.

मालवणी माणसाचा या इतिहासाशी दुसरा संबंध मुंबईच्या गिरण्यांतून आला. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. त्यानंतरच्या काळात तत्कालीन रत्नागिरी जिल्हा, ज्यात मालवण व वेंगुर्ले हे तालुके मोडत, गिरणगावाला मजूर पुरविणारा प्रमुख प्रदेश ठरला. गावचे घर चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चाले. सूतखात्यात व साचाखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कापड बोटांनी पारखता येणे स्वाभाविक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कित्येकांनी त्या काळात कोकणातील गावाचा आश्रय घेतला आणि अनेकांना पुन्हा काम मिळाले नाही. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला होता. त्याच्या पहिल्याच वर्षात हा आघात झाला. त्यात वेतन तर गेलेच, पण पिढ्यान्‌पिढ्या जमलेली कापडाची पारखही उपयोगावाचून पडली.

याच दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने डेनिमचे मोठे उत्पादन आरंभिले. १९९५ मध्ये तिने न शिवलेल्या जीन्सचा संच बाजारात आणला. त्यात कापड, चेन, बटण व रिव्हेट एकत्र असत आणि शिवण गावच्या शिंप्याने घालावयाची असे. तयार कपड्यांच्या युगात माप घेणाऱ्या कारागिराला पुन्हा स्थान देणारी ही घटना लहान असली तरी उल्लेखनीय आहे. पुढे तयार मालाने बाजार व्यापला आणि कापडाऐवजी छापील नाव पाहून निवड होऊ लागली.

जुनी कसोटी मात्र आजही लागू पडते. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व हवा खारी असते. दर चौरस वारास १४ औंस भरणारे जाड डेनिम येथे पावसाळ्यात लवकर वाळत नाही. ९ ते ११ औंसांचे कापड अधिक सोयीचे. जीन्स उलटी करून आतील शिवण पाहावी. दोन्ही कडा मुडपून घातलेली दुहेरी शिवण लवकर उसवत नाही. चेन व बटण पितळी असावे. लोखंडी भाग खाऱ्या हवेत गंजतो. न आटण्याची प्रक्रिया झालेली नसल्यास पहिल्या धुण्यात कापड आटते, म्हणून माप त्या हिशेबाने घ्यावे. कंबर बसली तरी बसता-उठता आसनात ताण पडत असेल, तर ती जीन्स चांगली नव्हे. लवचीक धाग्याचे मिश्रण आरंभी सुखावह वाटते. परंतु तो धागा सुतापूर्वी थकतो.

वस्त्राचे मोल त्याला करावयाच्या कामावरून ठरते, हे डोंगरी कापड घेणाऱ्यास ठाऊक होते. गिरणी कामगाराने तेच ज्ञान साच्यावर उभे राहून मिळविले. आज ते ग्राहकाच्या हातून निसटत आहे. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना उत्पादन, वेतन व संप यांची नोंद होते. कापड पारखणाऱ्या बोटांच्या ज्ञानाची होत नाही. कोकणच्या सामाजिक इतिहासात त्यालाही जागा मिळणे न्याय्य ठरेल.