सागरी मत्स्यालयातील माशांची सुसंगतता

खाऱ्या पाण्याच्या एकाच टाकीत ठेवलेले मासे परस्परांना इजा न करता, भुकेले न राहता व सततच्या भीतीविना जगू शकतात, तेव्हा त्यांना सुसंगत मासे म्हणतात. सागरी मत्स्यालय प्रथमच सुरू करणाऱ्यांना हा विषय गोड्या पाण्यातील मत्स्यपालनापेक्षा अवघड जातो. गप्पी, टेट्रा यांसारखे गोड्या पाण्यातील लोकप्रिय मासे घोळक्याने राहतात. प्रवाळखडकांवरील अनेक लहान मासे मात्र एखादी कपार किंवा खडकाचा छोटासा भाग आपला मानून तेथून इतरांना हुसकावतात. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण तेथेच संपते. काचेच्या टाकीत त्याला जाण्यास जागा नसल्यामुळे पाठलाग चालूच राहतो. असा मासा बहुधा जखमांपेक्षा उपासमारीने व ताणामुळे जडलेल्या रोगाने मरतो.

पूर्वतयारी

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६, तापमान सुमारे २४ ते २६ अंश सेल्सियस आणि सामू ८.१ ते ८.४ एवढा राखला जातो. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे जीवाणूंकडून प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर होते. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासे सोडत नाहीत.

वैराची कारणे

‘शांत’ किंवा ‘भांडखोर’ अशी जातींची विभागणी सर्रास केली जाते, परंतु ती अपुरी आहे. एखादा मासा दहा जातींशी गुण्यागोविंदाने राहतो आणि अकराव्या जातीला जगू देत नाही. आपल्याच आकाराचा, रंगाचा व आहाराचा मासा त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. त्यामुळे सर्वांत तीव्र भांडणे सजातीयांत किंवा सारख्या दिसणाऱ्या माशांत होतात. कॅरिबियन समुद्रातील रॉयल ग्रामा (ग्रामा लोरेटो) हा पुढे जांभळा व मागे पिवळा असा सुमारे ८ सेंमी लांबीचा मासा नवशिक्यांना योग्य मानला जातो. पश्चिम प्रशांत महासागरातील रॉयल डॉटीबॅक हा मासाही जांभळा-पिवळाच असतो, पण तो कितीतरी अधिक आक्रमक आहे. रॉयल ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि पाठीच्या परावर काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग मधोमध कापल्यासारखे वेगळे दिसतात. खरेदी करताना या दोघांत गल्लत होणे सहज शक्य आहे, आणि दोघांना लहान टाकीत एकत्र ठेवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण होय.

दुसरे कारण तोंडाचा आकार. मोठ्या माशाच्या तोंडात मावणारा मासा त्याचे भक्ष्य ठरतो, मग त्या मोठ्या माशाचा स्वभाव कितीही संथ असो. लायनफिश कोणाचा पाठलाग करताना क्वचितच दिसतो, परंतु लहान सोबती एकेक करून नाहीसे होतात. त्याचे काटे विषारी असल्याने तो हाताळणाऱ्यालाही धोकादायक असतो.

प्रारंभी योग्य मासे

सुमारे १५० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे पुरेसे होतात. ओसेलॅरिस क्लाउनफिश (ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस) हा त्यांतील सर्वांत प्रचलित. या जातीचे सर्व मासे आधी नर असतात. जोडीतील मोठा मासा पुढे मादी बनतो. त्यामुळे दोन लहान पिले एकत्र आणल्यास त्यांची जोडी जमते. तिसरा क्लाउनफिश मात्र या जोडीला सहसा सहन होत नाही. त्याच्यासाठी समुद्रपुष्प ठेवणे आवश्यक नसते. नव्या टाकीत समुद्रपुष्प टिकणेच कठीण असते.

फायरफिश हा भित्रा मासा घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवे. पिवळा वॉचमन गोबी तळाशी राहतो व पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात नांदतो: कोळंबी बीळ खणते आणि अधू दृष्टीच्या तिला गोबी धोक्याची सूचना देतो. बांग्गाई कार्डिनलफिशचे दोन नर लहान टाकीत भांडतात, म्हणून एकच मासा किंवा जमलेली जोडी ठेवतात. रॉयल ग्रामा कपारीत, गोबी तळाशी व क्लाउनफिश मोकळ्या पाण्यात अशी जागेची वाटणी आपोआप झाली तर संघर्ष कमी होतो.

टाळावयाचे मासे

‘फाइंडिंग निमो’ (२००३) या चित्रपटात क्लाउनफिशबरोबर दिसणारा निळा टँग सुमारे ३० सेंमीपर्यंत वाढतो व त्याला पोहण्यास लांब टाकी लागते. दुकानातील बोटभर पिलू पाहून याची कल्पना येत नाही. मँडरिन मासा कोणाशी फारसा भांडत नाही, तरीही तो नवख्यांसाठी नव्हे. तो प्रामुख्याने खडकांवरील सूक्ष्म कवचधारी जीव टिपून खातो. नव्या टाकीत ते पुरेसे नसल्याने तो हळूहळू उपाशी मरतो.

सोडण्याचा क्रम

आधी आलेला मासा टाकी आपली समजतो. म्हणून भित्रे मासे आधी व आक्रमक मासे शेवटी, आणि दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर, असा क्रम पाळतात. पूर्वी टाकी तयार करण्यासाठी काटक व स्वस्त डॅमसेल मासे प्रथम सोडण्याची प्रथा होती. ते जगत, पण पुढे येणाऱ्या प्रत्येक माशावर तुटून पडत, आणि त्यांना पकडण्यासाठी सगळी खडकरचना मोडावी लागे. अमोनियाच्या दाहात जिवंत मासा ठेवणे क्रूर असल्यानेही ही प्रथा आता त्याज्य मानली जाते. भांडखोर मासा आधीच टाकीत असेल, तर नवा मासा सोडताना खडकांची मांडणी बदलतात. त्यामुळे जुन्या सीमा पुसल्या जातात.

नव्या माशाला चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हितावह असते. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची औषधे देतात, परंतु ती कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना मारक असल्याने मुख्य टाकीत वापरता येत नाहीत.

माशांचा उगम

बरेचसे सागरी शोभिवंत मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडले जातात. फिलिपिन्स व इंडोनेशियात त्यांना गुंगवण्यासाठी सायनाइडचा वापर झालेला आहे. असे मासे दुकानात निरोगी दिसूनही पुढे दगावू शकतात. बांग्गाई कार्डिनलफिश हा इंडोनेशियातील मर्यादित बेटांभोवतीचा मासा असून अतिपकडीमुळे संकटग्रस्त ठरला आहे. क्लाउनफिश व कार्डिनलफिश यांची पैदास बंदिवासात होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे तयार खाद्य लवकर स्वीकारतात. भारतात समुद्रघोडे व खडक बांधणारे प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण असल्याने ते समुद्रातून काढून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे.