शुक्रवार, रात्री 11 वाजून 11 मिनिटं

मोरोक्कोत शुक्रवार म्हणजे कुसकुसचा दिवस. दुपारची नमाज आटोपून माणसं घरी परततात आणि एका मोठ्या थाळ्याभोवती बसतात. 8 सप्टेंबर 2023 हा असाच एक शुक्रवार. त्या रात्री उंच अ‍ॅटलास पर्वतात 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 2,900 हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंती-छताखाली गेली. म्हणून त्या दिवसाचा घटनाक्रम चुलीपासून मांडावासा वाटतो. ही कुणा एका कुटुंबाची गोष्ट नाही. तिथल्या घराघरात शुक्रवार ज्या क्रमाने उजाडतो आणि मावळतो, तो हा क्रम.

गुरुवार रात्र. उरले 24 तास

काबुली चणे भिजत पडतात. बाकी तयारी सकाळची.

सकाळी 9. उरले 14 तास

कोंबडी मीठ-लिंबू चोळून धुतली जाते. पातेल्यात तेल, चिरलेला कांदा, त्यावर सुंठ, हळद, मिरी, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर केशर. कुणी 'रास एल हानूत' घालतं. हा अनेक मसाल्यांचा मिश्र मसाला, आणि प्रत्येक दुकानदाराचा वेगळा. कोंबडी त्यात परतून घेतली की पाणी आणि चणे. मग गाजर, सलगम आणि कोबी आधी, लाल भोपळा शेवटी, कारण तो लगेच विरघळतो. सात भाज्यांचा कुसकुस सगळ्यात मानाचा.

केशर बहुतेकदा तालिविनचं असतं. तालिविन तारूदान्त प्रांतात येतं. त्या रात्री अल हाऊझ प्रांताच्या खालोखाल सर्वाधिक बळी याच प्रांतात गेले.

सकाळी 10.30. उरले साडेबारा तास

आता खरं काम. कुसकुस म्हणजे बन्सीसारख्या कठीण गव्हाचा रवा, मिठाचं पाणी शिंपडत तळहाताने वळून केलेले बारीक दाणे. डोंगरात जवाचाही करतात. दाणे मऊ होतात ते खाली शिजणाऱ्या रश्श्याच्या वाफेवर. भोकांचं भांडं पातेल्यावर बसवायचं, आपल्या मोदकपात्रासारखं, आणि दोन भांड्यांच्या सांध्याभोवती पिठाच्या पाण्यात बुडवलेली कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे वाफ बाजूने निसटत नाही. दाण्यांतून वाफ वर येऊ लागली की ते 'गसआ' नावाच्या पसरट थाळ्यात ओतायचे. थोडं पाणी, मीठ, तेल. चटका सोसत बोटांनी गुठळ्या फोडायच्या. पुन्हा वाफ. पुन्हा थाळा. पुन्हा वाफ. तिसऱ्या खेपेनंतर दाण्यांना 'स्मेन' चोळायचं. हे मुरवलेलं खारं लोणी, वासाला उग्र.

गुठळी राहिली तर ती आधी घरच्या म्हाताऱ्या बायकांच्या नजरेला येते. हे ज्ञान लिहून ठेवलेलं नसतं, ते हातातून हातात जातं. 2020 मध्ये युनेस्कोने कुसकुसच्या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली, ती अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या एकत्र प्रस्तावावर. एरवी एकमेकांशी न पटणारे शेजारी इथे एका कागदावर आले, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं.

दुपारी 2.30. उरले पावणेनऊ तास

नमाज झाली. थाळ्यात दाण्यांचा डोंगर, मधल्या खळग्यात कोंबडी, भोवती भाज्या, वरून रस्सा. माथ्यावर कधी 'तफाया': बेदाणे आणि दालचिनी घालून गोडसर होईतो शिजवलेला कांदा. सोबत ताक. प्रत्येकाने आपल्यासमोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. मशिदीत किंवा दारी आलेल्या गरजूलाही वाढून पाठवायची रीत आहे.

संध्याकाळी 5. उरले सहा तास

जेवण झालं, भांडी झाली. आता घराकडे वर पाहू.

अ‍ॅटलासच्या गावांतली जुनी घरं दगडाची किंवा कच्च्या विटांची, जोडायला चिखल. वर लाकडी तुळया, त्यांवर फांद्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि सगळा माल गावातलाच. मराठवाड्यातल्या माणसाला हे वर्णन परकं वाटणार नाही. आपल्याकडे याला माळवद म्हणतात. छत गळू नये म्हणून त्यावर पावसाळ्याआधी नवी माती पडते, आणि वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं वाढत जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक नुकतीच संपली होती.

मोरोक्कोला धोका माहीत नव्हता असं नाही. 29 फेब्रुवारी 1960 ला, रमजानमध्ये, रात्री पावणेबाराच्या सुमारास अगादिर शहर कोसळलं आणि 12,000 हून अधिक माणसं मेली. 2004 मध्ये अल होसेमा हादरलं. त्यानंतर नियम कडक झाले. मातीच्या घरांसाठीसुद्धा 2013 मध्ये स्वतंत्र नियमावली आली. पण ती डोंगरातल्या जुन्या भिंतीपर्यंत पोचवणार कोण? आणि या भागात तर 1900 पासून 500 किलोमीटरच्या परिघात 6 तीव्रतेचा एकही भूकंप नोंदला गेला नव्हता. आफ्रिका युरोपच्या दिशेने वर्षाला काही मिलिमीटर सरकते आहे आणि तो ताण डोंगराखालच्या भेगांत साठतो आहे, हे घरात बसून कळत नाही.

रात्री 10. उरला एक तास

चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, त्यामुळे डोंगरात गडद अंधार. बहुतेक गावं निजायला गेलेली. इघिल न्तल्घूम्त नावाच्या गावात मात्र लग्नाच्या आदल्या रात्रीचा सोहळा रंगला होता. वधूकडची मंडळी आणि गावकरी अंगणात उघड्यावर बसून गाणं-बजावणं ऐकत होते.

रात्री 11.11

माराकेशच्या नैऋत्येला सुमारे 70 किलोमीटरवर, इघिल परिसरात जमीन हलली. काही सेकंदच.

इघिल न्तल्घूम्तमधली जवळपास सगळी घरं पडली. माणसं अंगणात होती, म्हणून गाव वाचलं. अमिझमिझजवळचं तफेघाग्त इतकं भाग्यवान नव्हतं; ते जवळजवळ पूर्ण ढासळलं आणि माणसं आतच होती. सिमेंटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली कुठेतरी पोकळी राहते, तिथे हवा असते, आणि दोन-तीन दिवसांनीही कुणी जिवंत सापडतं. मातीचं घर पडतं तेव्हा त्याची पुन्हा माती होते. ती माती सगळ्या फटी भरून टाकते. ज्यांना हाताने उकरून काढलं त्यांतले कितीतरी आधीच गुदमरले होते.

रात्री 11.30

4.9 तीव्रतेचा धक्का. माराकेशच्या जुन्या शहरातले लोक अंथरुणं घेऊन चौकात आले. जमा एल फना चौकातल्या खरबूश मशिदीचा मिनार कोसळला होता. डोंगरात तिनमेलच्या 12 व्या शतकातल्या मशिदीचा मोठा भाग पडला. अस्नीपासून वर जाणाऱ्या रस्त्यावर दरडी आल्या होत्या, त्यामुळे पहिली रात्र गावकऱ्यांनी फावड्यांनी आणि नुसत्या हातांनी काढली.

शनिवार

जमीन हलली तेव्हा भारतात पहाटेची 3 वाजून 41 मिनिटं झाली होती. किल्लारीच्या वेळेशी पाव तासाचाच फरक. सकाळी दिल्लीत जी-20 परिषद सुरू झाली ती मोरोक्कोतल्या मृतांबद्दल शोक व्यक्त करून. तिकडे तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. कासाब्लांकापासून माराकेशपर्यंतच्या शहरांतून सामान्य माणसं गाड्यांत पीठ, तेल, पाणी आणि ब्लँकेटं भरून डोंगराकडे निघाली. पुढे पूर्ण पडलेल्या घराला 1,40,000 दिरहम आणि अंशतः पडलेल्याला 80,000 दिरहम अशी मदत सरकारने जाहीर केली.

वर्षभरानंतरही अनेक कुटुंबं तंबूत होती. नवी घरं उभी राहताना भिंतीत आडवे पट्टे घातले का, छतावरचं ओझं कमी केलं का, हे जोत्यापासून छतापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कुणी जाऊन तपासलं पाहिजे. किल्लारीनंतर आपल्या गवंड्यांना हे शिकवावं लागलं. अ‍ॅटलासमधल्या गवंड्यांनाही ते शिकवावं लागेल, त्यांच्याच तशेलहीत भाषेत आणि त्यांच्याच मातीत.