तांडेलांची दिशाविद्या

कोकणकिनाऱ्याचा इतिहास लिहिताना आमच्या ग्रंथकारांनी गुराबा, गलबते आणि शिबाडे यांची मोजदाद मोठ्या आस्थेने केली. परंतु किनारा दृष्टिआड झाल्यावर ज्याच्या शब्दावर ही सारी जहाजे चालत, त्या तांडेलाच्या विद्येची दखल मात्र क्वचितच घेतली. आकाश, वारा, पाणी आणि जलचर यांच्यावरून वाट काढण्याचे त्याचे कसब म्हणजे काहीतरी उपजत अंतःस्फूर्ती असावी, असा भाबडा समज त्यामुळे रूढ झाला. वस्तुतः ती पुराव्याची विद्या होती, आणि एकाच साक्षीवर निवाडा न देणाऱ्या मुरब्बी न्यायाधीशाप्रमाणे तांडेलही एका खुणेवर सुकाणू फिरवीत नसे.

या विद्येचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त सुपारग नावाच्या वृद्ध नावाड्याची कथा आहे, ग्रहनक्षत्रांच्या गती तर त्याला अवगत होत्याच, पण मासे, पाण्याचा वर्ण, तळाची भूमी, पक्षी आणि खडक यांवरून आपण कोणत्या सागरप्रदेशात आहोत हेही तो सांगू शके, आणि म्हणूनच दृष्टी मंदावल्यावरही भडोचच्या व्यापाऱ्यांनी त्याला आग्रहाने आपल्या जहाजावर नेले. सोपारा, कल्याण व चौल या बंदरांचा उल्लेख करणाऱ्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, किनारा दिसण्यापूर्वी भेटणाऱ्या सागरी सापांचे वर्णन आहे: भडोचच्या परिसरातील साप लहान व सोनेरी झाक असलेले हिरवे, तर मलबारच्या बाजूचे काळे व रक्तवर्ण डोळ्यांचे. या निरीक्षणामागे अद्भुत असे काही नाही. बहुतेक सागरी सापांना भक्ष्यासाठी तळाशी व श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. साहजिकच ते उथळ पाण्यात राहतात, आणि उथळ पाणी म्हणजे जमिनीचे सान्निध्य.

भरसमुद्रात मुख्य आधार ध्रुवाचा. उत्तर गोलार्धात ध्रुव क्षितिजापासून जितका उंच दिसतो, तितकेच जवळजवळ त्या स्थळाचे अक्षांश असतात. म्हणून अरबस्तानाकडून परतणारे जहाज इष्ट बंदराइतकी ध्रुवाची उंची येईपर्यंत दक्षिणोत्तर सरके, आणि मग ध्रुव डाव्या हाताला ठेवून सरळ पूर्वेस येई. ही उंची बोटांनी मोजत. त्यासाठी गाठी मारलेली दोरी दातांत धरून, तिच्या टोकाची लाकडी पट्टी क्षितिज व तारा यांच्यामध्ये नेमकी बसवीत. या पट्टीला अरब ‘कमाल’ म्हणत. एक बोट म्हणजे दीड अंशाहून किंचित अधिक, त्यामुळे मुंबई आणि मालवण यांच्यामध्ये सुमारे दोनच बोटांचे अंतर पडे. पण पंधराव्या शतकात ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून तीन अंशांहून अधिक दूर होता आणि त्याभोवती फिरताना कधी वर, तर कधी खाली दिसे. त्या काळी कोणते नक्षत्र माथ्यावर आहे हे पाहून ही चूक वजा करण्याची रीत इब्न माजिद या अरबी नौकाशास्त्रज्ञाने सुमारे 1490 साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. ताऱ्याची साक्षसुद्धा अशी उलटतपासणीवाचून ग्राह्य धरली जात नसे.

किनाऱ्याजवळ आल्यावर साक्षीदार बदलत. पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर होडी बाहेर काढावी आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हा कोळ्यांचा नित्याचा दस्तूर होता. मुंबई बंदराच्या वाटेवर कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिशेची खूण म्हणून उपयोगी पडे. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव आहे, तळाला चिखल आहे की वाळू, हे पाहत. भरतीची वेळ काढण्याचा हिशेब तर निरक्षर खलाशालाही मुखोद्गत असे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास हाती येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा! त्यातही अष्टमीचे पाणी भांगाचे, जेमतेम चढणारे, आणि पौर्णिमा-अमावास्येचे उधाणाचे, हे ध्यानी ठेवूनच जड गलबत खाडीत शिरे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, जहाजांचे लाकूड, त्यांची पावसाळी छावणी, प्रतिकूल वाऱ्यात लढाई टाळण्याची खबरदारी, इतक्या बाबींचा विचार त्या मुत्सद्द्याने केला आहे. तांडेलाची विद्या मात्र त्याच्या मुलापुतण्यांकडेच तोंडी वारशाने जात राहिली. पुढे आगबोटींनी वाऱ्याची सत्ता संपविली, 1867 मध्ये खांदेरीवर दीपस्तंभ उभा राहिला, सरकारी मोजणीचे नकाशे आले, आणि मोठ्या जहाजांवरून तांडेलाचा अधिकार संपला. लेखनिष्ठ इतिहासकाराला त्याचा कागद सापडत नाही, म्हणून ती विद्याच नव्हती असे मानणे हे आपल्या दफ्तराचा दोष त्याच्या माथी मारण्यासारखे आहे. कारण पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकतो, छापील नकाशा तेवढ्यापुरता निरुपयोगी ठरतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी बाहेर काढणाऱ्याला पाण्याचा रंग व लाटेचे फुटणे पाहूनच वाट ठरवावी लागते.